वाघ म्हादईत राहावा, पण मेलेल्या गाईचा पंचनामा कधी होणार?

सत्तरीकर (धागा सुरू करणारा)

जानेवारी २०२०. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, म्हादई अभयारण्यातल्या गोळावलीच्या रानात वाघीण आणि तिचे तीन बछडे एकामागून एक मेलेले सापडले. विषबाधा. अटक झाली ती गुरे पाळणाऱ्या घरातल्या माणसांना. म्हादई आणि आसपासच्या रानाचा व्याघ्र प्रकल्प करावा का, यावर आज पुन्हा वाद चालू आहे, म्हणून लिहितो.

माझ्या मामाची दुभती गाय चार वर्षांपूर्वी रानात मेली. मानेवर सुळ्यांच्या खुणा, एका बाजूने खाल्लेली. पंचनाम्याला माणूस आला तिसऱ्या दिवशी. तोवर रानडुकरांनी मढे विस्कटून टाकले होते. 'वाघानेच मारली कशावरून?' एवढेच विचारून तो गेला. पैसे आजतागायत नाहीत. मामाने विष घातले नाही, पण त्या रात्री तो जेवलाही नाही. माझे मत सरळ आहे : मढे ताजे असताना भरपाईचा कागद हातात द्या, प्रकल्पाची पाटी त्यानंतर लावा.

रानवाट

दादा, मामाचे दुःख खरे, पण क्रम मला पटत नाही. वाघ मोठे जनावर एका बैठकीत संपवत नाही. तो पुन्हा पुन्हा मढ्याकडे येतो, आणि पिल्लांची आई पिल्लांनाही घेऊन येते. त्यामुळे विष घातलेले एक मढे अख्खे कुटुंब संपवते. ते रोखायला रानात रोज फिरणारी माणसे हवीत. प्रकल्प झाला की राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाचा पैसा येतो, गस्तीचे तळ होतात. आता सांगा, पाटी आधी की पैसा?

आणि 'इथला वाघ कर्नाटकातून आलेला पाहुणा' असे जे म्हणतात, ते आता पुरे. २०११ साली केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनीच गोव्याच्या मुख्यमंत्र्यांना लिहिले होते की म्हादईतले वाघ इथेच राहणारे आहेत. कर्नाटकातली काळी आणि भीमगड ही वाघांची राखीव राने सीमेपलीकडे लागून आहेत. वाघाला सीमा कुठे दिसते? तीन पिल्लांसह मेलेली वाघीण पाहुणी होती का?

धनगरवाडा

माझ्या घरच्यांनी कधी वाघावर हात उचलला नाही. वाघरो आमचा देव आहे, त्याच्या दगडाला आजही नारळ फोडतो. पण प्रकल्प म्हणताच आमच्या म्हाताऱ्यांना पहिला प्रश्न पडतो : उठवतील का? कायद्यात गाभा क्षेत्रातले, म्हणजे वाघासाठी राखलेल्या आतल्या रानातले, स्थलांतर स्वेच्छेने, असे लिहिले आहे. पण चरायला बंदी, लाकूडफाट्याला बंदी, रस्ता नाही, शाळा नाही, असे झाल्यावर माणूस आपणहूनच उठतो. त्याला स्वेच्छा म्हणायचे का? रानातल्या जमिनीवरच्या हक्कासाठी २००६ च्या वनहक्क कायद्याखाली केलेले आमच्या वाड्यावरचे दावे अजून पडून आहेत. उच्च न्यायालयाने २४ जुलै २०२३ ला तीन महिन्यांत प्रकल्प अधिसूचित करा म्हटले. त्याच निकालात दावेही वर्षभरात निकाली काढा म्हटले. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले, पहिल्या भागाची चर्चा रोज होते, दुसऱ्याचे नावही कोणी काढत नाही.

सांगेची मास्तरीण

मी नेत्रावळीजवळ शिकवते. मागच्या एप्रिलमध्ये पहाटे काजूचे बोंडू वेचायला सासूबाईंबरोबर गेले होते. वळणावर पंधरा-वीस पावलांवर तो उभा होता. पट्टेरी. सासूबाईंनी माझा हात घट्ट धरला आणि 'धांवूं नाका' इतकेच पुटपुटल्या. आम्ही त्याच्याकडे तोंड करून एक-एक पाऊल मागे सरकत राहिलो. त्याने एकदा पाहिले आणि ओहोळाकडे उतरून गेला. घरी येईपर्यंत माझे पाय थरथरत होते.

तरी मला प्रकल्प हवा. त्या दिवशी आम्हाला वाचवले ते वाघाच्या स्वभावाने. माणसाला टाळणे त्याला आवडते. पण गुरे रात्री रानात मोकळी सोडली तर तो गोठ्याच्या वाटेवर यायला शिकतो. सत्तरीकर, मामाची गाय रात्री रानात होती का?

सत्तरीकर

होती बाई. गोठा होता, पण पावसात पडला. बांधायला हातात पैसे नव्हते.

रानवाट

मग गोठा बांधून देण्यापासून सुरुवात का करू नये? गावोगावी. पक्का दरवाजा, रात्रीची कोंडण. त्यात कोणाला उठवायचे नाही आणि वाघही मरत नाही.

धनगरवाडा

गोठा हवाच. पण तो बांधला आणि वर्षाने 'हे गाभा क्षेत्र, बांधकाम बेकायदा' म्हणून नोटीस आली, तर? आधी दाव्याचा कागद द्या.