मदत हवी आहे : आयोवात काउंटीच्या फोर-एच क्लबमध्ये मुलीला घालायचंय. शेत नाही, घरी शाकाहार. कशी सुरुवात करू?

नमस्कार मंडळी,

आम्ही गेल्या वर्षी न्यू जर्सीहून आयोवात आलो. डि मॉइनच्या पश्चिमेला नव्या वसाहतीत टाउनहाउसमध्ये राहतो. लेक आता सहावीत जाईल. जुलैत काउंटी फेअरला, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या जत्रेला, गेलो होतो. तिथे तिच्या वर्गातली एक मुलगी शेळी घेऊन रिंगणात उभी होती आणि परीक्षकांच्या प्रश्नांना न अडखळता उत्तरं देत होती. तेव्हापासून घरात एकच विषय आहे, "आई, मला फोर-एचमध्ये जायचंय."

मी थोडंफार वाचलंय. फोर-एच म्हणजे मुलांनी आवडीचं काम प्रत्यक्ष करून शिकण्याचे क्लब, हिरवं चार पानी क्लोव्हर हे त्यांचं चिन्ह, त्यावरचे चार एच म्हणजे हेड, हार्ट, हँड्स, हेल्थ, एवढं कळलं. आयोवात तिसरीपर्यंतच्या मुलांसाठी क्लोव्हर किड्स आणि चौथी ते बारावीसाठी फोर-एच, हेही कळलं. पण अर्ज भरला की पुढे नेमकं काय होतं, ते कुठेच नीट सापडत नाही. शाळेतल्या पालकांना विचारलं तर ते प्रेमाने सांगतात, पण त्यांच्या घरात तीन पिढ्या हेच चालू आहे. त्यांना जे सांगायची गरजच वाटत नाही, नेमकं तेच मला माहीत नाही.

माझ्या शंका अशा. आमच्याकडे ना शेत, ना गोठा. अंगण म्हणजे चार कुंड्या ठेवण्याएवढी जागा. अशा मुलांना तिथे खरंच काही करता येतं का, की नुसतं नाव नोंदवून मागच्या रांगेत बसायचं? दुसरं, आम्ही शाकाहारी आहोत. फेअरच्या शेवटी जनावरांचा लिलाव होतो आणि ती कुठे जातात हे मला कळतं. लेकीला मात्र अजून नीट कळलेलं नाही. तिला शेळी हवी आहे. हे कसं हाताळायचं? तिसरं, आमचं ग्रीन कार्ड अजून व्हायचंय. सभासद होण्याला त्याची आडकाठी आहे का? आणि आम्ही दोघंही नोकरी करतो, तर पालकांकडून किती वेळाची अपेक्षा असते?

माझे वडील शेतकरी. राहुरीच्या कृषी विद्यापीठातून बियाणं आणायचे, तिथल्या शेतकरी मेळाव्याला आवर्जून जायचे. मी मात्र वसतिगृहात शिकले, शेतातलं मला काहीच येत नाही. लेकीला आपणहून ही ओढ लागली याचा मला मनापासून आनंद आहे आणि ती अर्धवट सुटू नये असं फार वाटतं. ज्यांची मुलं यातून गेली आहेत त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद : एम्सकर

ताई, तुम्ही राहुरीचं नाव काढलंत म्हणून तिथूनच सुरू करतो. आपल्याकडे कृषी विद्यापीठ, त्याचं विस्तार शिक्षण आणि जिल्ह्यातलं कृषी विज्ञान केंद्र अशी जी साखळी आहे, तसाच इथला एक्स्टेन्शन विभाग. आयोवा स्टेट युनिव्हर्सिटी एम्सला असली तरी राज्याच्या ९९ही काउंटींत तिचं काम चालतं. १९१४च्या स्मिथ-लीव्हर कायद्याने केंद्र सरकार, राज्याचं विद्यापीठ आणि काउंटी यांना या कामात एकत्र बांधलं आणि फोर-एच हा त्याचाच मुलांसाठीचा भाग. म्हणून शाळेत विचारून उपयोग होत नाही. तुमच्या काउंटीच्या एक्स्टेन्शन ऑफिसला फोन करा आणि काउंटी यूथ कोऑर्डिनेटरशी बोलायचंय असं सांगा. कुठले क्लब आहेत, कुठे जागा आहे, कोणाची सभा कधी, हे सगळं त्या एका माणसाला माहीत असतं.

नागरिकत्वाची अट नाही, तेव्हा निर्धास्त राहा. सभेच्या सुरुवातीला अमेरिकेच्या झेंड्याची प्रतिज्ञा आणि मग फोर-एचची प्रतिज्ञा म्हणतात. पहिलीच्या वेळी लेक नुसती शांत उभी राहिली तरी चालतं. दुसरी मात्र तिने जरूर पाठ करावी. माझं डोकं, मन, हात आणि तब्येत मी माझ्या क्लबसाठी, समाजासाठी, देशासाठी आणि जगासाठी वाहीन, असा तिचा आशय आहे. त्यातलं 'जगासाठी' १९७३ साली जोडलं गेलं.

आत्ताच फोन करा. आयोवात फोर-एचचं वर्ष १ सप्टेंबरला सुरू होतं. वर्षाच्या सुरुवातीला आलेलं मूल बाकीच्यांबरोबर पहिल्या पायरीवर असतं.

प्रतिसाद : दोन मुलांची आई, पूर्व आयोवा

माझी दोन्ही मुलं चौथीपासून फोर-एचमध्ये. आमच्याकडेही शेत नाही. मोठ्याने फोटोग्राफी आणि लाकूडकाम केलं, धाकटी स्वयंपाक, शिवण आणि बागकामात रमली. तुमची पहिली शंका इथेच मिटू दे. जनावरं हा फोर-एचचा सगळ्यात डोळ्यांत भरणारा भाग आहे, सगळा फोर-एच नाही. पुढच्या फेअरला गोठ्यांआधी एक्झिबिट्सच्या इमारतीत जा. तिथे रॉकेट, कीटकांचे संग्रह, रजया, जुनं दुरुस्त केलेलं फर्निचर, पाव, वनस्पतींचे तक्ते असं सगळं मुलांनी केलेलं मांडलेलं असतं.

आता मुख्य गोष्ट, जी मला कोणी आधी सांगितली असती तर बरं झालं असतं. इथलं एकक क्लब नाही, प्रोजेक्ट आहे. क्लब महिन्यातून साधारण एकदा भेटतो. बाकीचं काम मूल घरी करतं. तुम्ही नाव नोंदवताना प्रोजेक्टचे विषय निवडता आणि मग त्या विषयात मुलाने स्वतःचं उद्दिष्ट ठरवायचं असतं. 'शिवण शिकणे' हे उद्दिष्ट नाही. 'चेन लावलेली पिशवी कोणाच्या मदतीशिवाय शिवणे' हे उद्दिष्ट.

फेअरला वस्तू नेली की सोबत एक लेखी टिपण लागतं. त्यात तीन प्रश्न असतात : उद्दिष्ट काय होतं, त्यासाठी काय काय केलं, सगळ्यात महत्त्वाचं काय शिकलास. मग परीक्षक मुलाला समोर बसवून त्याच वस्तूवर गप्पा मारतात. हा टाका का घेतलास, हे कापड का निवडलंस, पुन्हा केलंस तर काय बदलशील. याला इथे कॉन्फरन्स जजिंग म्हणतात आणि माझ्या मते अख्ख्या फोर-एचमधली ही सगळ्यात मोलाची गोष्ट आहे. दहा-अकरा वर्षांचं मूल एका अनोळखी मोठ्या माणसाशी स्वतःच्या कामाबद्दल बोलतं आणि तो माणूस ते मनापासून ऐकून घेतो. आपल्या वाढण्यात आपल्याला हे फारसं कधी मिळालं नाही. निळी, लाल आणि पांढरी अशा रिबिनी असतात. त्या कामाच्या दर्जावर मिळतात, त्यामुळे एकाच विषयात अनेकांना निळी मिळू शकते. निवडक कामं पुढे ऑगस्टमध्ये आयोवा स्टेट फेअरला जातात. त्यासाठी पाचवी पूर्ण झालेली असावी लागते, म्हणजे तुमची लेक पहिल्याच वर्षी पात्र आहे.

यातलं काहीही आपण करून द्यायचं नाही. हे लिहायला सोपं आहे. प्रत्यक्षात रात्री दहा वाजता वाकडी शिवण बघत गप्प बसणं फार कठीण जातं. पण परीक्षकांना दोन प्रश्नांत कळतं काम कोणाचं आहे ते, आणि मुलालाही ते कळलेलं असतं.

वेळेबद्दल : सभेला नेणं-आणणं, अधूनमधून खाऊची पाळी आणि फेअरचा आठवडा. त्या आठवड्यात दोघांपैकी एकाने सुट्टी काढावी. खाऊच्या पाळीला निःसंकोच आपलं काहीतरी न्या. दुसऱ्यांनी आणलेल्यात मार्शमेलो आणि जेलोमध्ये जिलेटिन असतं, ते लेकीला आधी सांगून ठेवा.

प्रतिसाद : जुनी सभासद, सध्या कॉलेजात

काकू, मी दुसरी ते बारावी फोर-एचमध्ये होते आणि आमचंही घर शाकाहारी. शेळीबद्दल मी लिहिते.

सगळ्या शेळ्या लिलावाच्या नसतात. मार्केट वर्गातली जनावरं मांसासाठी वाढवतात. पैदाशीच्या माद्यांचा वर्ग वेगळा आणि दुभत्या शेळ्यांचा वेगळा. त्या फेअरनंतर घरी परत जातात. दुभत्या शेळीचा प्रोजेक्ट तुमच्या घरात सहज बसेल. जागा नाही म्हणता, तर दुसऱ्याच्या गोठ्यातली शेळी करारावर सांभाळता येते का ते यूथ कोऑर्डिनेटरना विचारा. त्याचे नियम आणि कागद वेगळे असतात, पण शहरातली मुलं असं करतात. एक लक्षात ठेवा. शेळ्यांची नोंद १५ मेपर्यंत व्हावी लागते आणि जनावर दाखवणाऱ्या मुलांना दरवर्षी वाय-क्यू-सी-ए नावाचं जनावरांच्या देखभालीचं प्रशिक्षण पूर्ण करावं लागतं.

पण त्याआधी लेकीला लिलाव काय असतो ते स्पष्ट सांगा. मला आठव्या वर्षी मैत्रिणीच्या मेंढीबद्दल फेअरच्या शेवटच्या दिवशी कळलं. घरच्यांना वाटलं होतं की न सांगितलेलं बरं. मैत्रिणीला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, तिने मेंढीची काळजीही त्या जाणिवेनेच घेतली होती आणि निरोपही दिला. तयारी नसलेली मीच होते. तुमची लेक अकरा वर्षांची आहे, तिला पेलेल. सगळं ऐकूनही तिला शेळी हवी असेल तर ती तिची निवड असेल. नको म्हणाली तरीही.

प्रतिसाद : मूळ धागालेखिका

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी. काल रात्री लेकीला जवळ बसवून लिलावाबद्दल सांगितलं. बराच वेळ काही बोलली नाही. मग विचारलं, "म्हणजे तिला माहीत होतं?" मी हो म्हटलं. आज सकाळी म्हणाली, यंदा शेळी नको, पण गोठ्यात जाऊन मैत्रिणीला मदत करू का?

ऑफिसला फोनही केला. बाईंनी घराजवळच्या दोन क्लबांची नावं दिली. एक मोठा आहे, चाळीसेक मुलांचा. दुसरा अगदी लहान. कोणता घ्यावा?

आणि अजून एक. माझ्या आईने नऊवारीचे जुने तुकडे पाठवलेत. लेकीला त्यांची गोधडी शिवायची आहे, हाताने, धावदोऱ्याने, आजी शिवते तशी. तिथे असली वस्तू चालते का, की ठरलेले नमुनेच शिवावे लागतात?

प्रतिसाद : एम्सकर

दोन्हींच्या एकेका सभेला जाऊन बसा, बहुतेक क्लब नव्या कुटुंबाला येऊ देतात. खोलीत बोलतंय कोण तेवढं बघा. अध्यक्ष, सचिव, खजिनदार ही सगळी मुलंच असतात. हजेरीही मूल घेतं, ठरावही मुलंच मांडतात. जिथे मोठी माणसं भिंतीला टेकून गप्प उभी आहेत, तो क्लब चांगला. माझा कल लहान क्लबाकडे आहे, कारण तिथे नव्या मुलाच्या वाट्याला लवकर काम येतं.

प्रतिसाद : दोन मुलांची आई, पूर्व आयोवा

मी उलट सांगेन. लेकीला ओळखीची एखादी मैत्रीण ज्या क्लबात असेल तो घ्या, मोठा असला तरी. पहिल्या वर्षी टिकून राहणं महत्त्वाचं. पुढे हायस्कूलमध्ये काउंटी कौन्सिल आहे, जूनमध्ये एम्सच्या विद्यापीठात भरणारी यूथ कॉन्फरन्स आहे, थँक्सगिव्हिंगच्या सुमारास अटलांटाला नॅशनल फोर-एच काँग्रेस आहे, आयोवा फोर-एच फाउंडेशनच्या शिष्यवृत्त्या आहेत. पण ही सगळी दारं त्या मुलांना उघडतात जी सातवी-आठवीत गळून गेलेली नसतात. म्हणून दरवर्षीच्या नोंदी नीट ठेवायला आत्तापासून लावा, पुढे प्रत्येक अर्जात त्याच मागतात.

गोधडी तर चालतेच! 'सूइंग अँड नीडल आर्ट्स' हा वेगळा वर्ग आहे आणि ठरलेला नमुना वापरायची सक्ती नाही. ही चळवळ उभी राहिली तीच मुळी मुलांच्या घरच्या कामातून. आपल्याच राज्यात, पेज काउंटीत, जेसी फील्ड शॅम्बॉ या शिक्षिकेने शेतकऱ्यांच्या मुलामुलींचे क्लब काढले आणि १९१०मध्ये त्यांच्यासाठी तीन पानी क्लोव्हरची पिन बनवली. चौथं पान नंतर आलं. मका पारखणं, भाकरी-पाव करणं, शिवणं हेच त्या क्लबांचे विषय होते. नऊवारीची गोधडी तिथे परकी मुळीच वाटणार नाही.

आणखी एक सुचवते. पंधरा डॉलर चॅलेंज नावाचा एक प्रकार आहे. पंधरा डॉलरच्या आत, जुन्या कपड्यांच्या दुकानातून वगैरे पूर्ण पोशाख जमवायचा आणि तो का निवडला ते सांगायचं. शिवणाची आवड असलेल्या मुलींना फार आवडतं.

प्रतिसाद : मूळ धागालेखिका

मैत्रीण मोठ्या क्लबातच आहे! पण दोन्ही सभा बघू आणि लेकीलाच ठरवू देऊ.

गोधडीचं उद्दिष्ट तिने लिहिलंय : "आजीला फोनवर विचारत नऊवारीच्या तुकड्यांची लहान गोधडी हाताने पूर्ण करणे आणि आजी कोपरा कसा वळवते ते शिकणे." असं चालेल का? आजीची मदत घेतलेली दाखवली तर गुण कमी होतील का?

प्रतिसाद : दोन मुलांची आई, पूर्व आयोवा

छान आहे, बदलू नका. कोणाकडून शिकले हे सांगायचंच असतं, ते लपवलं तर उलट प्रश्न येतील. टाके मात्र तिचे हवेत. आजीचे फोन कधी झाले आणि त्यात काय विचारलं, ते तिलाच वहीत लिहू दे आणि पहिल्या दिवसापासून फोटो काढून ठेवा. आकार बाळाच्या दुपट्याएवढाच ठेवा. मे महिन्यात शाळेची घाई असते, हाताने शिवायचंय म्हणजे दिवाळीच्या आधी पहिला थर जुळलेला असावा.