परवाना द्यायचा नाही आणि परवाना नाही म्हणून उठवायचे?

आडवाट : आमच्या स्थानकाबाहेर पालेभाजी विकणाऱ्या मावशींची टोपली आणि वजनकाटा गेल्या मंगळवारी अतिक्रमणविरोधी पथकाने गाडीत टाकून नेला. पहाटे घाऊक बाजारातून आणलेली मेथी संध्याकाळपर्यंत माना टाकते, त्यामुळे दोन दिवसांनी दंड भरून ती सोडवण्यात काहीच अर्थ उरत नाही. भांडवल मात्र रोजच्या व्याजाने उचललेले असते. दंड भरून मागणी केल्यास नाशवंत माल त्याच दिवशी परत करावा आणि सर्वेक्षण होऊन विक्री प्रमाणपत्रे मिळेपर्यंत कोणालाही हटवू नये, असे 2014 चा पथविक्रेता कायदा सांगतो. मुंबईत त्याच वर्षी सुमारे 99 हजार अर्ज आले आणि जेमतेम 15 हजार पात्र ठरले. उरलेल्यांना आपण बेकायदा म्हणतो, पण त्यांना कायद्यात यायला वाट कोणती ठेवली आहे?

सव्वासातची_लोकल : मावशींबद्दल सहानुभूती आहे, पण गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या माझ्या आईला पदपथ सोडून रिक्षांच्या मधून चालावे लागते, त्याचे काय? 2017 मध्ये एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरीत 23 जण गेले; त्यानंतर उच्च न्यायालयाने स्थानकापासून 150 मीटरच्या आत विक्रीला मनाई केली, ती काही उगीच नव्हे.

आडवाट : तो पूल मुळातच अरुंद होता आणि पावसामुळे लोक त्यावर खोळंबले होते, त्याचे खापर फेरीवाल्यांवर फोडणे मला पटत नाही. 150 मीटरची मर्यादा मात्र मान्य. 151 व्या मीटरवर जागा आखून द्या, एवढेच म्हणणे आहे.

गाळेधारक : आम्ही मालमत्ता कर भरतो, दुकानाचा परवाना दरवर्षी सांभाळतो आणि आमच्याच पायरीसमोर ताडपत्री टाकून कोणी तोच माल निम्म्या किमतीत विकतो. पोट सगळ्यांनाच आहे. माझ्याकडेही तीन नोकर आहेत.

पथारीवाल्याची_लेक : गाळेधारक, आपल्याबद्दल मला माहिती नाही, पण माझे वडील बावीस वर्षे ज्या दुकानाच्या पायरीसमोर रुमाल आणि मोजे विकत होते, त्या दुकानदाराला दिव्याचे आणि रात्री गाठोडे आत ठेवण्याचे पैसे रोज मोजून देत असत. त्याशिवाय हप्ता वेगळा. अधिकृत शुल्क एवढे असते तर त्यांनी आनंदाने भरले असते, कारण पावती हातात असलेला माणूस गाडी आली म्हणून गाठोडे उचलून पळत नाही. पळताना एकदा त्यांचा पाय मोडला. त्या महिन्यात माझी शाळेची फी आईने मंगळसूत्र गहाण ठेवून भरली.

गाळेधारक : पैसे घेणारे दुकानदार आमच्या रांगेतही आहेत, हे मी नाकारत नाही. तरीही जागा ठरवताना आम्हाला विचारले जावे.

आडवाट : जरूर विचारावे. कायद्यातील नगर पथविक्रेता समितीत फेरीवाल्यांचे 40 टक्के प्रतिनिधी निवडून यायचे असतात आणि उरलेल्या जागांत रहिवासी व व्यापारी संघटनांनाही स्थान आहे. मुंबईत त्या प्रतिनिधींसाठी मतदान व्हायला 2024 चा ऑगस्ट उजाडला.

सव्वासातची_लोकल : दहा वर्षे? मग माझा राग निम्मा तरी चुकीच्या माणसावर निघत होता. आई मात्र अजून रस्त्यावरूनच चालते.