वडिलांच्या द्वारदर्शनाला कोणी येऊ शकले नाही. या शोकातून आणि भीतीतून कसे सावरावे?

प्रश्न : केळीबाग (रावेर तालुका), जुलै २०२१

एप्रिलमध्ये, दुसरी लाट ऐन भरात असताना, माझे वडील जळगावातील एका रुग्णालयात कोरोनाने गेले. अंत्यसंस्कार तिकडेच उरकले गेले आणि मी माहेरी पोहोचले तेव्हा अस्थी घरी आल्या होत्या. आपल्याकडे माणूस गेले की गंधमुक्तीपर्यंत (सुतक संपण्याच्या विधीपर्यंत) द्वारदर्शनाला, म्हणजे घरच्यांचे सांत्वन करायला, येणाऱ्यांची रीघ लागते, बायका आईजवळ बसून मोकळेपणाने रडतात, गेलेल्याच्या गोष्टी निघतात. यातले काहीच घडले नाही. गल्लीतल्या लोकांनी दुरून हात जोडले, आणि त्या दिवसांत त्यांना दोष तरी कसा द्यावा? पुढे आखाजी (अक्षय्य तृतीया) आली, तेव्हा गेलेल्यांच्या नावाने भरतात ती घागर भरावी की नाही यावर घरात एकमत झाले नाही आणि सणही तसाच गेला.

वडिलांचा विषय निघाला की आई उठून आत जाते. माझे निराळेच झाले आहे. रात्री छातीत धडधडून जाग येते, मी ऑक्सिमीटर बोटाला लावते, ९७ दिसले की जरा बरे वाटते आणि थोड्या वेळाने पुन्हा लावते. तिसऱ्या लाटेची बातमी पाहिली की हातपाय गार पडतात. रेमडेसिविर इंजेक्शन वेळेवर मिळाले असते तर वडील वाचले असते, हा विचार तर जातच नाही. हे सारे दुःखातच मोडते की हा आजार आहे? आणि आईशी बोलणे कोठून सुरू करावे?

उत्तर १ : निवृत्त शिक्षक, अमळनेर

ताई, द्वारदर्शनाला येणारी माणसे तेच तेच प्रश्न विचारतात आणि घरच्यांना तीच हकीकत दहा वेळा सांगावी लागते, याचा पूर्वी मला कंटाळा येई. गेल्या वर्षी धाकटा भाऊ गेला, घरात कोणी आले नाही, तेव्हा कळले की तसे सांगता सांगताच माणूस गेल्याचे मनाला पटत जाते. तुमच्या आईला ते सांगण्याची संधीच मिळालेली नाही. आता निर्बंध थोडे सैल झाले आहेत, तेव्हा आत्या, मावशी, वडिलांचे शेतातले सोबती अशा दोघा-तिघांना एका वेळी बोलवा, ओट्यावर किंवा अंगणात अंतर ठेवून, मास्क लावून बसू द्या.

आईला ‘मन मोकळे कर’ असे म्हणू नका. त्याने माणूस आणखी मिटते. डाळ निवडताना किंवा शेंगा फोडताना सहज विचारा, बापूंनी पहिली केळी कोणत्या शेतात लावली होती, पाण्याची पाळी रात्रीची असली की सोबत कोण जायचे. आमच्या वहिनी अशाच एका हिशेबाच्या वहीवरून बोलू लागल्या. सप्टेंबरात पितृपक्ष आहे, आणि घागर पुढच्या आखाजीला भरता येईल. तसे आताच ठरवून आईला सांगितले तर तिच्या मनातला एक सल कमी होईल.

उत्तर २ : समुपदेशक, धुळे

तुमच्या लिहिण्यात दोन गोष्टी एकमेकींत गुंतल्या आहेत. वडिलांची आठवण, रडू, अन्नावरची वासना उडणे हा शोक आहे आणि त्याला वेळ लागतो. रात्रीची धडधड ही चिंता आहे आणि तिला ऑक्सिमीटर खतपाणी घालतो. प्रत्येक वेळी आकडा पाहून मिळणारा दिलासा अल्पजीवी असतो, आणि ‘पाहिले म्हणून वाचले’ अशी सवय मनाला लागते. ताप किंवा खोकला नसेल तर यंत्र घरातल्या दुसऱ्या कोणाकडे ठेवायला द्या. बोटे गार असली किंवा नखाला रंग असला तरी आकडा खोटा कमी दिसू शकतो, हेही लक्षात असू द्या. धडधड सुरू झाली की श्वास आत घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्या. घबराटीचा असा झटका बहुधा काही मिनिटांत शिगेला पोहोचून ओसरतो. तरीही एकदा डॉक्टरांकडून हृदयाची तपासणी करून घ्या, म्हणजे शंकेला जागा उरणार नाही.

रेमडेसिविरविषयी मात्र स्पष्ट सांगतो. त्या इंजेक्शनासाठी लोकांनी दागिने मोडले, पण जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्येच, रुग्णाचा जीव वाचतो असा पुरेसा पुरावा नसल्याने, ते वापरू नये अशी शिफारस केली होती. उशीर झाला म्हणून वडील गेले, असे त्यामुळे म्हणता येत नाही.

सहा महिन्यांनंतरही रोजचे व्यवहार जमत नसतील, किंवा जगू नये असा विचार मनात येत असेल (यासाठी मात्र सहा महिने थांबू नका), तर मनोविकारतज्ज्ञांना भेटा. धुळे आणि जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत ही सोय आहे.

उत्तर ३ : शहादेकर

गुरुजींचे म्हणणे मान्य, पण एक धोका सांगतो. आमच्या घरी जे आले त्यांतले निम्मे चौकशीलाच आले होते : सीटी स्कॅनचा स्कोअर किती होता, बिल किती झाले, त्या दवाखान्यात नेलेच कशाला. आई त्यानंतर आठवडाभर जेवली नाही. बोलावण्याआधी प्रत्येकाला फोन करून बजावा की दवाखान्याचा विषय काढायचा नाही. जो ऐकणार नाही अशी शंका असेल त्याला बोलावूच नका, मग तो सख्खा काका असला तरी.

केळीबाग

आपणा सर्वांची आभारी आहे. ऑक्सिमीटर आजच जाऊबाईंकडे दिला आहे. आत्याला रविवारी बोलावते आणि शहादेकरांची सूचना आधी फोनवर सांगते. एक राहिले : आईला मे महिन्यापासून झोपेची गोळी गावातल्या मेडिकलमधून आणून देत आहोत, चिठ्ठी जुनीच आहे. ती बंद करावी का?

समुपदेशक, धुळे

एकदम बंद करू नका आणि जुन्या चिठ्ठीवर पुढे चालूही ठेवू नका. अशा काही गोळ्या अचानक सोडल्या तर झोप पूर्ण उडते आणि अस्वस्थता वाढते, म्हणून मात्रा डॉक्टरांच्या देखरेखीखाली टप्प्याटप्प्याने कमी करावी लागते. गोळीचे पाकीट सोबत घेऊन याच आठवड्यात दाखवून या.