मदत हवी आहे: पोकरमध्ये आत्मविश्वास नेमका कशावर ठेवायचा?
नमस्कार मंडळी. आम्ही कोपरखैरण्यात शनिवारी रात्री आळीपाळीने एकेकाकडे टेक्सास होल्डेम (पोकरचाच एक प्रकार: प्रत्येकाच्या हातात दोन पत्ते, टेबलावर सगळ्यांचे मिळून पाच) खेळतो. पैसे नाहीत, नुसत्या प्लास्टिकच्या चिप्स. हरणाऱ्याने चहा करायचा. (ऑनलाइन पैसे लावून खेळायला २०२५ च्या कायद्याने बंदी आहे, तेव्हा ते सुचवू नका.)

अडचण मावसभावाची. ‘मनात पक्कं धरलं की पत्ता येतोच’ हे त्याच्या डोक्यात बसलंय. फ्लॉपवर, म्हणजे टेबलावरचे पहिले तीन पत्ते उघडल्यावर, हातातली धरून बदामाची चार पानं जमली की गडी सगळ्या चिप्स पुढे ढकलतो. उरली बदामाची नऊ पानं, यायचे दोन पत्ते, म्हणजे फ्लश (बदामाची पाच पानं) लागायची शक्यता साधारण ३५ टक्के. टर्न (टेबलावरचा चौथा पत्ता) हुकला की २० च्याही खाली. पत्त्यांना काय पडलंय त्याच्या विश्वासाचं!

उलट शेजारच्या ताई. हिशेब चोख, पण समोरच्याने रेज केलं (बोली वाढवली) की हातातली राण्यांची जोडीसुद्धा टाकून मोकळ्या. आत्मविश्वास खरा त्यांना हवाय, असं माझं मत.

हरलेल्या डावात निर्णय बरोबर होता की नाही, हे तुम्ही कसं तपासता? कुणी वही ठेवतं का? त्यात नेमकं काय लिहिता? आणि भावाला न दुखावता हे कसं सांगू?