मदत हवी आहे: कैरोतल्या इब्न तुलून मशिदीच्या मिनाराखाली साल कोणतं लिहू?

नमस्कार मंडळी,

आमच्या अभ्यासमंडळात सुरुवातीच्या काळातल्या मशिदींवर बोलायचं आहे. बाकी स्लाइड तयार आहेत, गाडी एकाच चित्रापाशी अडली आहे. कैरोच्या इब्न तुलून मशिदीचा मिनार.

मशिदीबद्दल वाद नाही. काम ८७६ मध्ये सुरू झालं, ८७९ मध्ये संपलं. बांधणारा अहमद इब्न तुलून हा तुर्की गुलाम-सैनिकाचा मुलगा. इराकातल्या सामर्रा या अब्बासी खलिफांच्या राजधानीत वाढला, ८६८ मध्ये इजिप्तचा कारभार बघायला आला आणि हळूहळू तिथला जवळजवळ स्वतंत्र राजाच झाला. तिथल्या जुन्या राजधानीच्या, म्हणजे फुस्तातच्या, उत्तरेला त्याने अल-कताई नावाचं नवं शहर वसवलं. ९०५ मध्ये अब्बासी फौजेने ते पाडलं, पण मशिदीला हात लावला नाही. इजिप्तमधली पहिली मशीद अम्र इब्न अल-आसची, ६४२ ची. मात्र ती इतक्या वेळा नव्याने बांधली गेली की मूळचं काही शोधावंच लागतं. इब्न तुलूनची मशीद मात्र बरीचशी मूळ रूपात उभी आहे.

माझी अडचण अशी. मशीद भाजक्या विटांची, वर गिलावा. मिनार मात्र घडीव दगडाचा. तळ चौकोनी, त्यावर गोल मजला, जिना बाहेरून वळत वर जातो आणि माथ्यावर ममलूक (नंतरच्या काळातले इजिप्तचे सुलतान) धाटणीची छोटी घुमटी. मिहराबच्या (मक्केची दिशा दाखवणाऱ्या कोनाड्याच्या) मध्यरेषेतही तो नेमका येत नाही. एका पुस्तकात ८७९ दिलंय, दुसऱ्यात १२९६. चारशे वर्षांचा फरक, आणि दोन्ही लेखक इतक्या ठामपणे लिहितात की विचारायची सोय नाही. जाणकारांनी कृपया प्रकाश टाकावा.

आगाऊ धन्यवाद.

भटकभवानी:
८७९ लिहा आणि मोकळे व्हा. मंडळात कोण ओळंबा लावून बघणार आहे?

बाकी तो किस्सा नक्की सांगा. इब्न तुलून दरबारात कधी पोरकटपणा करत नसे म्हणे. एकदा नकळत कागदाची पट्टी बोटाभोवती गुंडाळत बसला. सगळे बघताहेत हे लक्षात येताच म्हणाला, 'मिनार असा बांधा.'

ओळंबा:
भवानीताई, नाव घेतलंत म्हणून आलो!

किस्सा छान आहे, पण बाहेरून वळत जाणाऱ्या जिन्याची कल्पना आली सामर्ऱ्याहून. तिथला मलविया मिनार खलिफा मुतवक्किलच्या काळातला, नवव्या शतकाच्या मध्याचा, सुमारे ५२ मीटर उंच आणि विटांचा. इब्न तुलूनचं बालपण त्याच शहरात गेलं. मशिदीतही सामर्राच दिसतं: कमानींच्या आतल्या अंगावरची गिलाव्यातली नक्षी, विटांचे भक्कम चौकोनी खांब, त्यांच्या चारही कोपऱ्यांत विटांचेच अर्धे बुजलेले गोल खांब, आणि मशिदीला तीन बाजूंनी वेढणारं मोकळं आवार. या आवाराला झियादा म्हणतात, मिनार त्यातच उभा आहे. ते धरलं तर एकूण जागा १६२ मीटर चौरसाच्या आसपास भरते.

आता तुमचा प्रश्न. दहाव्या शतकातला प्रवासी अल-मुकद्दसी लिहितो की मिनार लहान, दगडी आणि जिना बाहेरून. म्हणजे १२९६ च्या आधी तीनशे वर्षं तिथे दगडी मिनार होता, हे धरून चालायला हरकत नाही. दुसरीकडे, आजच्या मिनाराच्या तळावर जोडीजोडीने घोड्याच्या नालेसारख्या आंधळ्या (आतून बंद, नुसत्या शोभेच्या) कमानी आहेत, आणि मशिदीच्या छतावर जाणाऱ्या पुलाखालीही नालाकार कमानी आहेत. मशिदीच्या सगळ्या कमानी टोकदार. नालाकार कमान ही अंदलुसिया (मुस्लिम स्पेन) आणि मोरोक्कोकडची खूण. बाराव्या शतकातल्या सुलतान सलाहुद्दीनने ही मशीद मगरिबी, म्हणजे वायव्य आफ्रिकेकडच्या, प्रवाशांना उतरायला दिली होती, असं त्याच काळातला प्रवासी इब्न जुबैर सांगतो. त्यामुळे तिकडचे कारागीर इथे आले असतील, तर मला तरी नवल वाटत नाही.

१२९६ कुठून आलं? इजिप्तचा ममलूक सुलतान लाजीन याच्याकडून. १२९३ मध्ये सुलतान खलीलच्या खुनात त्याचा हात होता. पळून तो याच ओसाड पडलेल्या मशिदीत लपला आणि वाचलो तर दुरुस्ती करीन असा नवस बोलला. १२९६ मध्ये स्वतःच सुलतान झाला आणि नवस फेडला. अंगणातलं घुमटाचं वजूचं (नमाजाआधी हातपाय धुण्याचं) कारंजं त्याचं, मिंबरही (प्रवचनाचं पायऱ्यांचं व्यासपीठ) त्याचंच. क्रेस्वेलसारखा मोठा अभ्यासक आजचा सगळा मिनार लाजीनचा मानत असे. काही नंतरच्या अभ्यासकांना खालचा दगडी भाग जुना वाटतो.

मी असतो तर स्लाइडवर लिहिलं असतं: 'कल्पना नवव्या शतकाची, सामर्ऱ्याची. आजचं रूप मुख्यतः १२९६ च्या दुरुस्तीचं. तळाच्या काळाबद्दल मतभेद.' लांब होतं, पण खरं होतं.

जुनापुराणा:
+१. खांबांची गोष्टही घ्या. मशिदीला तीनशे संगमरवरी खांब लागतील, ते चर्च मोडूनच मिळतील, असं सांगितल्यावर इब्न तुलून नको म्हणाला. मग तुरुंगात असलेल्या ख्रिस्ती स्थापत्यकाराने निरोप पाठवला की मिहराबजवळचे दोन सोडले तर एकही खांब न वापरता बांधून देतो. आख्यायिका म्हणूनच सांगा, कारण विटांचे खांब सामर्ऱ्यात आधीच रूढ होते. मिहराबच्या दोन्ही बाजूंना मात्र संगमरवरी खांब खरंच आहेत.

धागाकर्ता:
ओळंबा, मनापासून आभार. तुमचंच वाक्य घेतो, फक्त दोन ओळींत तोडून. भवानीताई, कागदाचा किस्सा चहाच्या आधी सांगणार.

जाता जाता एक शंका. लाजीनच्या मिंबराच्या फोटोत लाकडी सांगाडा जुना दिसतो, पण आतल्या नक्षीच्या तुकड्या फारच कोऱ्या वाटतात. ते का?

ओळंबा:
बरोबर पाहिलंत. मूळ कोरीव तुकड्यांपैकी बऱ्याच एकोणिसाव्या शतकात काढल्या गेल्या, लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात त्यातल्या पुष्कळ आहेत. जागेवर दिसतात त्या बहुतेक नंतर बसवलेल्या. संग्रहालयाच्या संकेतस्थळावर लाजीनच्या नावाने शोधा, जवळून काढलेले फोटो मिळतील. कैरोतला सांगाडा आणि लंडनमधल्या तुकड्या एकाच स्लाइडवर शेजारी ठेवा.