मदत हवी आहे: आंबा पल्पचं कोशर प्रमाणपत्र, बॉयलर एकच

रत्नागिरीत आमचं हापूस पल्पचं युनिट आहे. अमेरिकेतला ग्राहक ओयू किंवा स्टार-के या संस्थांचं कोशर (ज्यू आहारनियमांत बसत असल्याचं) प्रमाणपत्र मागतोय, तेही 'पारेव्ह', म्हणजे दूध-मांसाचा अंश नसलेलं. घटकांची यादी तयार आहे, सायट्रिक ॲसिडच्या पुरवठादाराचं कोशर पत्रही मिळालंय. अडलंय ते बॉयलरपाशी. पल्पची आणि आंबा बर्फीची जॅकेटवाली (दुहेरी भिंतीत वाफ फिरणारी) केटल वेगवेगळी आहे, पण दोन्हींच्या वाफेचं पाणी बॉयलरच्या एकाच फीड टाकीत परत येतं, आणि बर्फीत खवा असतो. लाइन २४ तास बंद ठेवून उकळत्या पाण्याने कोशर करून घ्यायची तयारी आहे, पण हंगामाआधीच; एकदा आंबा आला की थांबता येत नाही. ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सांगा: बर्फीकडचं परतीचं पाणी तोडून बाहेर सोडलं तर रब्बींना (तपासणी करणाऱ्या ज्यू धर्मगुरूंना) चालतं, की वेगळा बॉयलरच लागतो?