एका दिवसाच्या थीम पार्कसाठी सात क्विंटल सोयाबीन : माझा हिशेब कुठे चुकतो आहे?

मांजराकाठ (लातूर)

नमस्कार. मी लातूर तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत शिक्षक आहे आणि धाकटा भाऊ गावी शेती पाहतो. मे २०१७ मध्ये, मोठी मुलगी सहा वर्षांची असताना, आम्ही तिघे एका थीम पार्कला गेलो होतो. लातूर-मुंबई रेल्वेने पुण्यापर्यंत, पुढे एसटीने, मुक्काम मावसभावाकडे आणि सोबत दोन दिवसांची शिदोरी, असा तो प्रवास होता. जमाखर्च लिहून ठेवण्याची वडिलांची सवय माझ्याकडे आलेली असल्यामुळे त्या सहलीचा आकडा अजून वहीत आहे : सगळे धरून ९,४०० रुपये.

आता मुलगी नववीत आहे. धाकट्याने, जो चौथीत आहे, ते पार्क केवळ बहिणीच्या फोटोंत पाहिलेले आहे, आणि आपण जन्माला येण्याआधी घरच्यांनी मजा उरकून घेतली, अशी त्याची कायमची तक्रार आहे. येत्या मे महिन्यात त्याला न्यावे असे ठरले; अडुसष्ट वर्षांच्या आईलाही सोबत घ्यावे असे वाटले. तिचे गुडघे दुखतात, म्हणून गाडी ठरवावी लागेल. पार्क खोपोलीला आहे आणि लातूरहून खोपोली चारशे किलोमीटरच्या पुढे आहे. गाडीभाडे, टोल आणि चालकाचा भत्ता मिळून १२,५०० रुपये, लॉजच्या दोन खोल्या ४,४००, तिकिटे ६,७०० (आम्ही दोघे आणि मुलगी पूर्ण, धाकटा आणि आई सवलतीत), खाणेपिणे ३,५००, आणि लॉकर, पार्किंग, पाण्यात घालायचे कपडे अशा किरकोळ बाबींचे १,५००. बेरीज २८,६०० झाली.

त्याच दिवशी भावाने आडतीवरून सोयाबीनची पट्टी, म्हणजे विक्रीची पावती, आणली. हमीभाव ५,३२८ रुपये असताना भाव लागला होता ४,२००. मी सहज भागाकार केला, तर एका सहलीला जवळपास सात क्विंटल सोयाबीन लागते. ऑगस्ट २०२१ मध्ये सोयाबीन दहा हजारांच्या पुढे गेले होते, त्या भावाने हीच सहल तीन क्विंटलांच्या आत बसली असती. (त्या भावाला विकायला आमच्या घरी एक कट्टाही शिल्लक नव्हता, हा भाग वेगळा.)

सहल रद्द करण्याचा माझा विचार नाही. मात्र नऊ वर्षांत खर्च तिपटीवर कसा गेला, त्यात पार्कचा वाटा किती आणि आमचा किती, हे समजून घ्यायचे आहे. दुसरे असे की, आता तिकिटाखेरीज रांग टाळण्याचे वेगळे तिकीट मिळते, ते घ्यावेच लागते का? आणि एकाही पाळण्यात न बसणाऱ्या आईचे तिकीट वाचवण्याचा काही मार्ग आहे का?

हिशेबनीस (छत्रपती संभाजीनगर)

सर, आपण आकडे मोकळेपणाने दिले आहेत, म्हणून त्यांवरच बोलतो. तिकिटांचे ६,७०० रुपये एकूण खर्चाच्या चौथ्या हिश्श्याहूनही कमी आहेत. सर्वांत मोठा आकडा गाडीचा आहे आणि त्याखालोखाल तिकिटे व खोल्या येतात. २०१७ च्या वहीत गाडी नाही, लॉज नाही, दोन माणसे कमी आहेत आणि एक मावसभाऊ जास्त आहे. ही तुलना पार्कवर थोडी अन्याय करणारी आहे.

आता पार्कचा भाग. तिकिटावर १८ टक्के जीएसटी असतो, म्हणजे कर धरून १,५०० रुपयांचे तिकीट असेल तर त्यातले सुमारे २२९ रुपये कराचे असतात. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा हा दर २८ टक्के होता; जानेवारी २०१८ मध्ये तो १८ वर आला आणि तेथेच आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये साडेसात हजारांपर्यंतच्या हॉटेलच्या खोल्यांवरील कर १२ वरून ५ टक्के झाला, तेव्हा खोल्यांचे दर विचारताना ते करासह आहेत की कराविना, हे जरूर विचारावे. कर कमी झाला तरी काही ठिकाणी भाडे होते तेथेच राहिले आहे.

मालकीही बदलत गेली आहे. गोराईचे एस्सेल वर्ल्ड १९८९ मध्ये सुरू झाले आणि कोविडच्या काळानंतर बंद पडले. खोपोलीचे इमॅजिका २०१३ मध्ये उघडले आणि २०२२ मध्ये संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे गेले. लोणावळा आणि शिर्डी येथील वेटनजॉय वॉटर पार्कही याच समूहाने उभारलेली आहेत. त्यामुळे शिर्डीचे दर्शन आणि वॉटर पार्क एकाच फेरीत करणारी कुटुंबे आमच्या भागात बरीच दिसतात.

तिकीट आकारण्याच्या पद्धतीकडे मात्र आपण नीट पाहावे, कारण खरा बदल तेथे झाला आहे. अमेरिकेतील डिस्नेलँड १७ जुलै १९५५ रोजी उघडले, तेव्हा मोठ्या माणसाला प्रवेश एक डॉलर होता आणि आत प्रत्येक खेळाचे वेगळे पैसे होते. पुढे खेळांच्या श्रेणी ठरवून कुपनांची पुस्तके विकली जात. १९८२ मध्ये ती कुपने बंद होऊन ‘एकदा पैसे द्या आणि दिवसभर खेळा’ हा पास रूढ झाला. १९९९ मध्ये रांगेत उभे न राहता वेळ राखून ठेवण्याची सोय फुकट सुरू झाली, आणि २०२१ मध्ये तीच सोय पैसे घेऊन विकायला काढली गेली. ऑक्टोबर २०२४ मध्ये तेथील सर्वाधिक गर्दीच्या दिवसाचे एका दिवसाचे तिकीट २०६ डॉलरवर गेले. तिकडचे दर आपल्याला लागू नाहीत, पण तिकडच्या युक्त्या इकडे येतात : सुट्टीच्या दिवसाचा दर वेगळा, आडवारी वेगळा, आणि रांग टाळण्याचे पैसे वेगळे. म्हणजे सत्तर वर्षांत गाडी फिरून पुन्हा जत्रेच्या हिशेबावर आली आहे, फरक इतकाच की आता प्रवेशाचेही भरपूर द्यायचे आणि आतल्या पाळण्याचेही पुन्हा द्यायचे.

रांगेचे तिकीट शनिवार-रविवारी आणि दिवाळीच्या सुट्टीत उपयोगी पडते. मंगळवारी किंवा बुधवारी गेलात तर ते पैसे वाया जातात. त्यापेक्षा आडवारचे तिकीट आधी ऑनलाइन काढावे.

लेंडीकाठ (उदगीर)

दादा, आम्ही मागच्या दिवाळीत जाऊन आलो. कोणत्या पार्कला, हे येथे लिहीत नाही, कारण माझी तक्रार त्या एकाच पार्कपुरती नाही.

दारातच पहिला खर्च वाढला. लहान मुलांचे तिकीट वयावर ठरत नाही, उंचीवर ठरते, हे मला ठाऊक नव्हते. भिंतीवर रंगवलेल्या जिराफाशेजारी मापाची पट्टी होती आणि तेथे मुलाला बूट काढून उभे केले. तो बिचारा आपण केवढे वाढलो हे दाखवण्यासाठी मान ताठ करून, छाती पुढे काढून उभा राहिला, आणि मी मनातल्या मनात म्हणत होते, बाळा, जरा वाक. मर्यादा १४० सेंटीमीटरची होती आणि तो १४१ भरला. त्या एका सेंटीमीटरचे आम्ही चारशे रुपये दिले. तुमचा धाकटा चौथीत आहे. निघण्यापूर्वी घरीच मोजून घ्या.

पुढे पिशव्या तपासल्या. धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बाहेर काढून ठेवायला सांगितले. तपासणारा मुलगा सभ्य होता; ‘ताई, गाडीत ठेवा, दुपारी हातावर शिक्का घेऊन बाहेर येता येते,’ असे त्यानेच हळूच सुचवले. आम्ही दोन वाजता पार्किंगमध्ये डिकी उघडून जेवलो. आजूबाजूला आणखी चार-पाच गाड्यांच्या डिक्या उघड्या होत्या आणि एका कुटुंबाने आम्हाला लोणचे दिले. बाहेर पडून पुन्हा आत येऊ देतात की नाही, हे तिकीट काढण्यापूर्वी विचारा, कारण सगळीकडे ही सोय नसते. सुती कपड्यांत पाण्यात उतरू देत नाहीत, हेही लक्षात ठेवा. नायलॉनचे कपडे आपल्या बाजारातून आधीच घ्या. तेथील भाड्यात येथे विकत मिळतात.

रांगेबद्दल हिशेबनीस म्हणतात ते पैशांच्या बाजूने बरोबर आहे, पण एक गोष्ट वहीत येत नाही. मोठ्या पाळण्यापाशी आम्ही सत्तर मिनिटे उभे होतो आणि शेजारच्या मोकळ्या मार्गिकेतून जास्तीचे पैसे दिलेले लोक सरळ पुढे जात होते. माझ्या मुलीने उभ्या उभ्या ती माणसे मोजली : त्रेचाळीस. घरी आल्यावर तिने पाळण्याबद्दल फारसे सांगितले नाही, त्या त्रेचाळीस जणांबद्दल सांगितले. म्हणून म्हणते, आडवारीच जा.

एक सुचवते. उदगीरहून हैदराबाद दोनशे-सव्वादोनशे किलोमीटर पडते, तुम्हालाही खोपोलीपेक्षा ते जवळ आहे. तेथे वंडरला २०१६ पासून आहे आणि रामोजी फिल्म सिटी त्याहून जुनी. एके काळी आपण निजामाच्या राज्यात होतो, तेव्हा आपल्या आजोबांना मोठे शहर म्हणजे हैदराबादच वाटे. सहलींच्या बाबतीत लातूर-नांदेडची माणसे आता पुन्हा तिकडेच वळू लागली आहेत.

तेरणाकाठ (धाराशिव)

पार्कवाल्यांची बाजू कोणी मांडत नाही, म्हणून थोडक्यात लिहितो. मोठे पाळणे परदेशातून येतात, त्यांचे सुटे भागही तिकडूनच मागवावे लागतात, रोज सकाळी दार उघडण्यापूर्वी त्यांची चाचणी होते, आणि पगार मात्र बारा महिने द्यावे लागतात, गर्दी जेमतेम चार-पाच महिन्यांची असताना. आपल्या भागात असे एखादे मोठे पार्क का नाही, असे लोक विचारतात. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पहिली जलदूत रेल्वे पाच लाख लिटर पाणी घेऊन लातूरला आली होती. ज्या शहराने पिण्याचे पाणी रेल्वेने आणले, तेथे लाटांचा तलाव बांधायला पैसे कोण गुंतवील? अंतराचा जो खर्च सरांच्या वहीत सर्वांत मोठा दिसतो आहे, त्याच्या मुळाशी हेही एक कारण आहे.

निवृत्त मास्तर (नांदेड)

सर्वांचे वाचले. मी पस्तीस वर्षे शाळेच्या सहली काढल्या, त्यामुळे या विषयात माझा पक्षपात आहे, हे आधीच सांगतो.

वेरूळला भारतीय माणसाला चाळीस रुपये तिकीट आहे आणि पंधरा वर्षांखालील मुलांना काहीच नाही. देवगिरी किल्ल्याला पंचवीस. (मंगळवारी वेरूळ बंद असते आणि सोमवारी अजिंठा, दर वर्षी कोणती तरी शाळा दारातून परत जाते.) देवगिरीवरची अंधारी ज्याने लहानपणी पाहिली आहे, त्याला मी काय म्हणतो ते कळेल. वळणांचा काळोखी जिना, डोक्यावर वटवाघळांची फडफड, आणि अगदी मध्यावर वाटाड्या हातातली मशाल आड धरतो, तेव्हा चाळीस मुले एकदम ओरडतात. शत्रूला चकवण्यासाठी कोरलेली ती वाट आहे. मुलांना घाबरवून हसवण्याचे काम ती फुकटात करते.

पण याचा अर्थ लेकरांना पाळण्याऐवजी लेणी दाखवा, असा नव्हे. पाळणा हवा असलेल्या मुलाला लेणे दिले तर तो दोन्हींवर रागावतो, हा माझा अनुभव आहे. आमच्याकडे लोहा तालुक्यात माळेगावची खंडोबाची यात्रा भरते. आकाशपाळणा, टोराटोरा आणि मौत का कुआँ यांच्यापुढे मुले खिशातल्या नाण्यांकडे पाहत उभी असत, आणि तीन पाळण्यांपैकी कोणता एक निवडायचा याचा जो खल चाले, त्यात अर्धी यात्रा संपे. यात्रेतल्या पाळण्याच्या सुरक्षिततेची खात्री मी देणार नाही, तेवढ्यासाठी पार्कच बरे.

आईंविषयी एक सांगावेसे वाटते. सर, त्यांना विचारले आहे का? आपण सर्वांनी त्यांचे तिकीट, त्यांचे गुडघे आणि त्यांची गाडी धरून हिशेब केला, पण त्यांना तेथे जायचे आहे की नाही, हे कोणत्याच ओळीत आलेले नाही.

मांजराकाठ (लातूर)

सर्वांचे आभार. मास्तरांचा प्रश्न वाचून संध्याकाळी आईला विचारले. तिने सांगितले की, तुम्ही एवढ्या हौसेने म्हणता म्हणून मी हो म्हटले. मला पुण्याला सोडा, मी मावशीच्या मुलीबरोबर दोन दिवस आळंदीला राहते. रेल्वेत खालची जागा मिळाली की तिला गाडीची गरज नाही. एसटीचे भाडे जानेवारी २०२५ मध्ये जवळपास पंधरा टक्क्यांनी वाढले असले, तरी महिलांना निम्मे तिकीट असल्यामुळे पुण्यापुढचा प्रवासही जड जाणार नाही.

हैदराबादचा विचार या वेळी बाजूला ठेवला आहे, कारण तिकडे आळंदी नाही. बुधवारची चार तिकिटे, रेल्वे, एसटी आणि जेवण धरून नवा अंदाज १३,८०० रुपयांवर आला आहे, म्हणजे आजच्या भावाने सव्वातीन क्विंटलांच्या थोडे पुढे. धाकट्याला दाराच्या चौकटीशी उभे करून मोजले : १३६ सेंटीमीटर. मे महिन्यापर्यंत चार सेंटीमीटर वाढणार नाही, असे धरले आहे.

मावसभावाला फोन केला. या, म्हणाला, आणि येताना घरच्या ज्वारीचे वीस किलो पीठ घेऊन यायला सांगितले आहे. ते मी खर्चात धरलेले नाही.